सात महिने फेसबुक-इन्स्टा न वापरून आलेला अनुभव

गेल्या आषाढात दोन्ही अकाउंटं बंद केली, आता माघ चालू आहे. बंद म्हणजे डिअॅक्टिव्हेट. डिलीट केलं तर मन बदलायला ३० दिवस मिळतात, नंतर फोटो गेले ते गेलेच. लेकीचे बारशापासूनचे फोटो तिथे, तेवढी हिंमत झाली नाही. व्हॉट्सअॅप ठेवलं, कारण शाळेचा ग्रुप आणि सोसायटीचा पाण्याचा टँकर दोन्ही त्यावरच. फक्त सगळ्यांचे स्टेटस म्यूट केले.

निमित्त साधंच. मिरजेला मावशीकडे गेले होते. दांडेलीच्या ट्रिपचं सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "बघितलंय की सगळं." विषय संपला. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या पोस्टवर मीही बदाम टाकून मोकळी झाले होते. फोन केलाच नव्हता.

पहिले पंधरा दिवस अंगठा आपोआप इन्स्टाच्या जागी जायचा. तिथे आता कॅल्क्युलेटर होता. हिशेब काहीच नाही, पण तो दिवसातून वीसदा उघडला.

मग रोज एकाला फोन करायचा नेम धरला. आधी सगळे घाबरायचे. "काय गं, सगळं बरं आहे ना?" विनाकारण फोन येतो हेच लोक विसरलेत. मावशीशी पहिले तीन-चार फोन दोन मिनिटांत आटोपले: पाऊस, गुडघा, ठेवते. पाचव्याला म्हणाली, काका गेल्यापासून रात्रभर टीव्ही चालू ठेवते, आवाज बंद करून. हे कुठल्या पोस्टमध्ये आलं असतं?

काही मैत्रिणींशी मात्र बोलायला काहीच सापडलं नाही. त्याचं वाईट वाटलं नाही, आणि याचंच जरा वाईट वाटलं. वाढदिवसाला सहा फोन आले, त्यातला एक बँकेचा.

खरा तोटा वेगळाच. कॉलेजच्या मैत्रिणीचे वडील गेले, तिने फेसबुकवर कळवलं होतं. मला समजलं तोवर तेरावंही उरकलं होतं. भेटायला गेले तर एवढंच म्हणाली, "सगळे आले होते गं." काय बोलणार?

आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. तिथे अख्खं गाव एकदम थांबतं, म्हणून कुणाचं काही चुकत नाही. मी एकटीच थांबले. गाव आपलं चालूच होतं.

त्यामुळे फेसबुक पाडव्यानंतर चालू करणार आहे, पण फक्त लॅपटॉपवर, रविवारी. इन्स्टाची आठवणही येत नाही. नवरा म्हणतो आठवडाभरात फोनवर परत येशील. त्याचं खरंही असेल.

मावशीला आता मी फोन करायची गरज पडत नाही, तीच करते. नेमका कुकर लावलेला असताना.