कोटेशनमधला 'वॉटरप्रूफ प्लाय'

जुना कडप्प्याचा ओटा फोडून मॉड्युलर किचन केलं. कोटेशनमध्ये एकच ओळ: '18 एमएम वॉटरप्रूफ प्लाय, एसएस ट्रॉल्या, 18 रनिंग फूट'. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला, सनमायका उचकटला, बिजागरीचे स्क्रू बोटांनी निघायला लागले. सगळी फसवणूक त्या एका ओळीतच होती.

आधी माप. रनिंग फूट म्हणजे ओट्याची फुटांतली लांबी. एल आकाराच्या ओट्याची एक बाजू 10 फूट, दुसरी 8, ओट्याची रुंदी 2. दोन्ही भिंती धरून बेरीज केली की कोपरा दोनदा मोजला जातो. खरं माप 16. वरच्या दोन फुटांचे पैसे फुकट गेले.

मग प्लाय. नुसत्या 'वॉटरप्रूफ'ला बाजारात काही अर्थ नाही. मरीन प्लाय म्हणजे आयएस 710 (आयएस म्हणजे भारतीय मानक). दुकानदार ज्याला कमर्शियल म्हणतात तो आयएस 303 मधला एमआर, म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. एमआर दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही, कारण त्याचा गोंद युरियाचा असतो. मरीनला फिनॉलचा गोंद लागतो, त्यामुळे कडेला काळपट रेघा दिसतात. पण रेघांवर जाऊ नका, गोंदात रंग घालणारे महाभाग आहेत. तुकडा पातेल्यात चार-पाच तास उकळा. एमआरचे पदर सुटू लागतात. 710 ची कसोटी 72 तासांची आहे.

इथे कपाटांचे बॉक्स वर्कशॉपमधून दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावूनच आले, शिक्का दिसणार कुठून? अख्खी 8 बाय 4 ची शीट कापण्याआधी बघायची, आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकायचा, फोटो काढायचा आणि मगच पुढचा हप्ता द्यायचा.

तळ फुगला तो मात्र पाइपसाठी पाडलेल्या भोकातून. भोकाची कड उघडीच होती, ना एज बँड (कडेची पट्टी), ना सिलिकॉन. असं सोडलं तर मरीनही फार दिवस टिकणार नाही.

एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील. ट्रॉल्यांना चुंबक चिकटत नाही म्हणून त्या 304 या चांगल्या प्रतीच्या मानल्या गेल्या. चुंबक 202 या हलक्या प्रतीलाही चिकटत नाही. तपासणीच्या द्रवाचा थेंब टाकून बॅटरी लावली की 202 वर लाल डाग उठतो. बिलावर 'एसएस 304' लिहून घ्या. 'एसएस' एवढंच लिहिलं असेल तर भांडायलाही जागा उरत नाही.