कसेरा बाजारातली पितळी वज्री आणि काशाची वाटी: टाचांसाठी काय घ्यावं

इंदूरला राजवाड्याजवळच्या कसेरा बाजारात भांड्यांच्या दुकानात ‘वज्री’, म्हणजे टाच घासायची पितळी घासणी, मागितली तर समोरचा क्षणभर थांबतो. ‘पीतल का झांवा’ म्हटलं की लगेच वरच्या फळीवरचा डबा खाली येतो. त्याच डब्याशेजारी हल्ली काशाची मालिशवाटीही ठेवलेली असते, आणि दोन्ही ‘फटी एड़ी’साठीच म्हणून विकल्या जातात. इथेच घोटाळा आहे. वज्री कातडी काढते, वाटी काढत नाही. भेगा ज्या गोष्टीने भरतात ती तर या दुकानात मिळतच नाही.

आधी वज्री. पोकळ पितळी ओतकाम, वर धरायला मोराची जोडी, तळाला तिरप्या रेघांची जाळी, पोटात खडे घातलेले म्हणून हलवली की खुळखुळते. मोर दिसायला देखणे, पण साबणाच्या हाताने धरायला वाईट. चोच तळहातात रुतते, मग पकड घट्ट होते आणि टाचेवरचा दाब नकळत वाढतो. साधी, गोलसर पाठीची मिळाली तर तीच घ्यावी. विकत घेताना तळ बोटाने नव्हे, कापसाने तपासायचा. कापसाचा बोळा जाळीवरून सगळ्या दिशांनी फिरवा. तंतू अडकला तिथे ओतकामाची कोर राहिली आहे. एखाद-दुसऱ्या ठिकाणी असेल तर बारीक पॉलिश पेपर ओला करून घासता येते. सगळीकडेच अडकत असेल तर तो नग परत करा, कितीही चकाकत असला तरी. अशी कोर टाचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे काढते आणि ते दुसऱ्या दिवशी चालताना चुरचुरतात.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण बहुतेक जण तीच चुकतात. कोमट पाण्यात पाय 10 मिनिटं, त्यात साबणाचे दोन थेंब पुरेत. पाणी पायाने नव्हे, कोपराने बघायचं. अर्धा तास भिजवलं तर कातडी पांढरी फुगते, आणि मेलेला थर कुठे संपला नि जिवंत कुठे सुरू झाली ते हाताला कळेनासं होतं. मग टाचेच्या कडेने एकाच दिशेने हलके 10-12 हात. मागे-पुढे खसाखसा नाही. जागा गुलाबी झाली किंवा गरम लागली की थांबायचं, जाडी उरली असली तरी. उरलेली पुढच्या आठवड्यात. आठवड्यातून एकदाच. रोज घासणाऱ्यांच्या टाचा उलट जाड होत जातात, कारण घर्षण होत राहिलं की कातडी बचावासाठी थर वाढवते. कुदळ धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात ते याच न्यायाने.

मातीचा झांवा स्वस्त आणि जास्त सौम्य. पहिल्यांदा घेणाऱ्याने तोच घ्यावा असं आमचं मत. झिजतो, कोपरे फुटतात, आणि ओला राहिला की कुबट वास मारतो. तसं झालं की फेकून नवा आणावा.

आता काशाची वाटी. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 भाग आणि 22 भाग. वजनावर मिळते आणि पितळेपेक्षा बरीच महाग पडते, म्हणून पारख हवी. बोटांच्या टोकांवर तोलून दुसऱ्या वाटीने हलकेच टोला द्या: काशाचा नाद लांबतो, पितळेचा लवकर विझतो. कासं ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर पोचा येत नाही, तडा जातो. मालिशीसाठी बूड गोल आणि जाड हवं. जेवणाच्या ताटातली बैठकवाली वाटी टाचेखाली अडखळते. अर्धा चमचा तूप किंवा खोबरेल, एका पायाला पाच-सात मिनिटं. दिवसभर उभं राहून आंबलेल्या पायांना खरंच बरं वाटतं.

मात्र तळपाय काळा झाला की ‘अंगातली उष्णता निघाली’ असं जे सांगतात, त्यात तथ्य नाही. घाम आणि तुपातली आम्लं धातूशी मिळून तो काळपट थर होतो. घरातला सगळ्यात शांत माणूस जरी मालिशीला बसला तरी पाय काळाच होणार! साबणाने धुऊन, नीट पुसूनच उठायचं. तुपकट तळव्यांनी न्हाणीघरात गेलात तर घसरणं ठरलेलं.

भेगांकडे येऊ. तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी नाहीतच. माळव्याच्या थंडीतल्या कोरड्या हवेत टाच सुकते, आणि मागून उघड्या चपलेत प्रत्येक पावलाला टाचेची गादी बाजूला पसरते; कडक कड ताणली जाते नि चिरते. म्हणून घासून झाल्यावर पाय टिपून दोन-तीन मिनिटांत क्रीम लागलंच पाहिजे, ओल उडायच्या आत. औषधाच्या दुकानात युरियाचं क्रीम मागा: रोजच्यासाठी 10 टक्के, जाड टाचेला 20 ते 25 टक्के. ते पाणी धरून ठेवतं आणि कडक थर सैल करतं. बोटांच्या बेचक्यात लावायचं नाही, तिथली ओल बुरशीला फावते. उघड्या भेगेत युरिया झोंबतो. तिथे आपलं जुनं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, बरं. घट्ट गोळा चमच्यात वितळवायचा, कोमट होऊ द्यायचा, भेगेत थेंब सोडून वर सुती मोजा. पण मुठेल फक्त झाकतं. कडेची कडक कातडी तशीच राहिली तर तीच भेग पुन्हा उघडते.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा भेगेतून रक्त येत असेल तर वज्री, झांवा, पाय भिजवणं, सगळं बंद. बधिर पायाला जखम कळत नाही. अशांनी रोज तळपाय आरशात बघावा, क्रीम लावावं आणि जाडी डॉक्टरांकडूनच काढून घ्यावी. कुरुपाच्या पट्ट्याही त्यांनी टाळाव्यात; त्यातलं सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही खातं.

वज्री प्रत्येकाची वेगळी. वापरल्यावर जुन्या टूथब्रशने जाळीतला भुगा काढून, पुसून उन्हात वाळवायची. हिरवट डाग दिसला तर चिंचेने घासायची. आणि दुकानदाराने ब्लेड लावलेला टाचेचा रंधा काढून दाखवला, तर तो तसाच डब्यात परत ठेवायला सांगा.