‘शंभर टक्के साप दाखवतो’: राजस्थान बॉर्डर टूरवाल्यापासून सावध राहा

भर हिवाळ्यात जैसलमेरच्या सीमेकडच्या रस्त्यांवर साप दाखवतो, तेही ‘गॅरंटीड’, असं सांगून आगाऊ पैसे घेणारा एकजण सध्या कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागात गिऱ्हाईकं शोधतोय. आमच्या ग्रुपला त्यानं माणशी 24 हजारांचा चुना लावला. त्याची पद्धत नीट सांगतो, कारण माणूस बोलायला लई गोड आहे.

आम्ही पावसाळ्यात आंबोलीला रात्री बॅटऱ्या घेऊन चापडा साप आणि बेडूक शोधत हिंडणारी माणसं. ग्रुपात एक जुना सर्पमित्रही आहे. त्यामुळं त्यानं भाषा बरोबर आमचीच लावली. "दादा, आंबोलीत चार तास भिजून एक चापडा बघता. तिकडं गाडीतनं न उतरता रस्त्यावर बांडी दाखवतो." बांडी म्हणजे तिकडचं फुरसं. कोकणातल्या फुरशापेक्षा थरच्या वाळवंटातलं चांगलंच मोठं भरतं, हे आम्हाला माहीत होतं आणि बघायची हौसही होती.

त्यानं सांगितलेलं निम्मं खरं होतं, आणि म्हणूनच ते खपलं. वाळवंटात साप शोधायची रीत खरोखर तशीच आहे. उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब धरून राहतं, साप रस्त्यावर येतात, आणि माणसं हळू गाडी चालवत हेडलाइटच्या उजेडात रस्ता बघत जातात. पण टूर होती डिसेंबरअखेरची. थंडीचं काय, असं आमच्यातल्या एकानं विचारलं, तर म्हणाला, "वाळू आतनं गरम असते दादा." वाळू सूर्य मावळला की भराभर थंड होते. त्या दिवसांत तिथं रात्री हाडं गोठतात आणि साप बिळात दडून बसलेले असतात. हिवाळा हा तिकडं टुरिस्टांचा सीझन, सापांचा नव्हे.

दुसरी लबाडी कागदाची. ‘बॉर्डर परमिट’ म्हणून त्यानं माणशी तीन हजार वेगळे घेतले. रामगढवरून तनोटमातेच्या दर्शनाला कुणीही जातं. तिथून पुढं सीमेकडं जायला मात्र परवानगी लागते, आणि सरहद्दीलगतच्या पट्ट्यात रात्री फिरायला जिल्हा प्रशासन बऱ्याचदा बंदीच घालतं. त्याचा कागद दुसऱ्याच कुणाच्या परवानगीची झेरॉक्स होती, वर आमची नावं चिकटवलेली. चौकीवरच्या जवानानं तो उलटापालटा करून बघितला आणि आम्हाला शांतपणे परत फिरायला सांगितलं. यानं गाडीत बसल्यावर खुलासा केला, "आज साहेब बदललेत."

मग परतीच्या रस्त्यावर, रामगढच्या अलीकडं, ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. बांडी! रस्त्याकडेच्या वाळूवर वेटोळं घालून बसलेली. सगळे कॅमेरे घेऊन धावले. आमचा सर्पमित्र तेवढा जागचा हलला नाही, नुसता बॅटरी मारून वाळू बघत राहिला. फुरसं वाळूवर आडवं सरकत जातं, त्यामुळं मागं एकापुढं एक तिरक्या रेघा उमटतात. इथं सापाभोवती वाळू कोरी होती. होते ते चपलांचे ठसे. बरं, फुरशाला जरा छेडलं की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढतं. हे मेल्यासारखं पडून होतं. थंडीनं अर्धमेलं झालेलं जनावर कुणीतरी पिशवीतनं आणून ठेवलं होतं.

दुसऱ्या रात्री लोंगेवालाच्या बाजूला ‘आणखी एक’ सापडलं. हॉटेलवर दोन्ही फोटो शेजारी लावून बघितले. शेपटीचं टोक तुटलेलं, मानेजवळ जुन्या जखमेचा डाग त्याच जागी. तेच जनावर.

हे नुसतं पैशाचं प्रकरण नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप पकडणं, बाळगणं गुन्हा आहे. शेजारच्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांच्या मिरवणुका कोर्टाच्या आदेशानं थांबल्या, हे आपल्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. ती पिशवी चौकीवर उघडली गेली असती, तर गाडीत आम्हीही बसलो होतो.

आणि सगळ्यात राग आणणारी गोष्ट म्हणजे त्याचा ‘सेफ्टी किट’. थर्मासात प्रतिविषाची एक बाटली! त्याचेही पैसे पॅकेजमध्ये धरलेले. प्रतिविष दवाखान्यातच, शिरेतून देतात, कारण त्याची जोरदार रिअॅक्शन येऊ शकते. सुरुवातच साधारण 10 बाटल्यांनी होते. त्यात थरच्या फुरशावर आपलं नेहमीचं प्रतिविष नीट लागू पडत नाही, हे बिकानेरच्या डॉक्टरांनी 2007 मध्येच छापून ठेवलंय. एवढं सगळं असून हा गडी शेकोटीपाशी पिवणा साप झोपलेल्या माणसाचा श्वास कसा पितो याच्या गोष्टी सांगत बसला होता. (तो तिकडचा मण्यार. दंश फारसा दुखत नाही, झोपेतच विष चढतं आणि श्वास बंद पडतो, म्हणून ती कथा.)

पैसे परत मागितल्यावर ठरलेलं उत्तर आलं: "साप दाखवला ना?" नंतर नंबर बंद. त्यानं दिलेल्या पत्त्यावर ऑफिस नाही, कपड्यांचं दुकान आहे.

आम्ही 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, पण उशीर झाला होता. पैसे गेल्या गेल्या फोन केला तरच खात्यात अडकवता येतात. आता ग्राहक आयोगात दावा घालतोय. 2019 च्या कायद्यामुळं तो आपण राहतो तिथं, म्हणजे कोल्हापुरातच घालता येतो, जैसलमेरला खेटे घालावे लागत नाहीत. वकिलांनी परमिटच्या पैशाची वेगळी पावती मागितली, ती आमच्यातल्या दोघांकडंच निघाली.

सध्या तो जानेवारीच्या कच्छ टूरचं पोस्टर फिरवतोय. नाव नवीन घेतलंय, पण फोटो आम्हीच काढलेला आहे, तुटक्या शेपटीच्या फुरशाचा. त्याला कुणी आगाऊ रक्कम दिली असेल तर चॅट पुसू नका, आणि आजच्या आज 1930 लावा.