टॉमकॅटच्या पोटातलं दाखवणारा जेएमएक्स एक्सपोर्टर, वापरून पाहिला

आमचं ऑफिस छोटंसं, नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात, कामं बहुतेक कॉलेजांची. मे महिन्यात एका क्लायंटच्या रिझल्टच्या दिवशी सकाळी ११ ला साईट बसली भाऊ. बाहेर ४५ डिग्री, आत फोनवर फोन, अन मी स्क्रीनवर पाहून राहिलो तर सीपीयू १२ टक्के, रॅम निवांत. मशीन म्हणते मी ठणठणीत, पोरं म्हणतात पेज उघडूनच नाही राहिलं. टॉमकॅट, म्हणजे आमची जावातली साईट चालवणारा सर्व्हर, रिस्टार्ट मारला, २० मिनिटं चालला, पुन्हा तेच. चूक आमचीच, नुसता नोड एक्सपोर्टर लावून बसलो होतो, तो मशीनचे आकडे देते, टॉमकॅटच्या आत काय चालू आहे ते त्याला काय ठाऊक.

मग हा जेएमएक्स एक्सपोर्टर बसवला. तसे जावा आपले आतले आकडे जेएमएक्स या तिच्याच सोयीतून देतेच, जेकॉन्सोल या जावाच्या टूलनं दिसतात, पण दुसऱ्या मशीनवरून पाहायचं म्हटलं की फायरवॉलशी मारामारी, एक पोर्ट उघडा तर आरएमआय (जावाचं रिमोट कनेक्शन) दुसराच पकडते, अन तो फिक्स नाही केला तर दर रिस्टार्टला नवीन. याच्यात ते झंझट नाही. एक जार (जावाची फाईल) आहे, जावाएजंट म्हणजे जावासोबतच सुरू होणारा जोड म्हणून टॉमकॅटच्या जावा ऑप्शनमध्ये जोडायची, की सगळे आकडे साध्या एचटीटीपी पेजवर, प्रोमिथिअस (आकडे गोळा करून ठेवणारं सॉफ्टवेअर) आमच्याकडे दर १५ सेकंदांनी येऊन उचलून नेते. जोडायला १० मिनिटं, खरंच.

कॉन्फिग मात्र डोकं खाते. यॅमल फाईलमध्ये रेजेक्स, म्हणजे नावं जुळवायचे पॅटर्न. टॉमकॅटच्या थ्रेडपूलचं (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या थ्रेडच्या गटाचं) नाव अवतरण चिन्हांसकट येते हे आपल्याला कोण सांगते, माझा नियम काही केल्या जुळेना, ते सापडेपर्यंत दोन प्लेट तर्री पोहे संपले. अन नियम न लिहिता सगळंच ओतलं तर ओळीच ओळी, कामाचं त्यातलं पसाभर.

पण दिसलं ते असं, बिझी थ्रेड २०० पैकी २००. कशासाठी अडले तर डेटाबेस कनेक्शनसाठी. ही कनेक्शनं सांभाळते हिकारी नावाची जावा लायब्ररी, तिचा पूल डिफॉल्टनं १० चाच, त्याचे एमबीन्स (जेएमएक्सला आकडे देणारे ऑब्जेक्ट) सेटिंगमध्ये चालू करावे लागतात, बाय डिफॉल्ट बंद, ते केल्यावर वेटिंगचा आकडा सरळ वर चढताना दिसला. मुळात सीट नंबरच्या कॉलमवर इंडेक्सच नव्हता, म्हणून प्रत्येक क्वेरी कनेक्शन अडवून बसायची! एवढ्यासाठी आम्ही दिवसभर रिस्टार्ट मारत बसलो होतो.

एक नक्की पहा, नुसता पोर्ट दिला तर पेज सगळ्या इंटरफेसवर उघडते, पासवर्ड आपणहून लागत नाही. आमचं दोन दिवस तसंच उघडं होतं (साहेबांना सांगू नका). पोर्टच्या आधी आतला आयपी लिहायचा, झालं.

५ पैकी ४. एक रेजेक्सचा कापला. साहेबांना ग्राफाना या ग्राफ दाखवणाऱ्या टूलवरचा वेटिंगचा ग्राफ भारी आवडला, काय आहे ते अजून विचारलं नाही, लाल झाला की तेवढे मला आवाज देतात.