१२५ सेंटिमीटर लाकडी की १३० सेंटिमीटर कार्बन: पॅरामोटरच्या दोन प्रोपेलरांचा हंगामभराचा अनुभव

गेल्या पावसाळ्यानंतर उड्डाणे सुरू झाली तेव्हापासून मेअखेरपर्यंत मी माझ्या पॅरामोटरच्या (पाठीवर इंजिन आणि प्रोपेलर बांधून, धावत जाऊन कापडी विंगखाली उडण्याचे साधन) व्हिट्टोराझी मॉस्टर १८५ या एकाच इंजिनावर दोन प्रोपेलर आलटून पालटून वापरले. एक १२५ सेंटिमीटर व्यासाचा लाकडी, दुसरा १३० सेंटिमीटरचा कार्बनचा. दोन्ही दोन पात्यांचे. नवा प्रोपेलर घेऊ पाहणारे बहुतेक जण ‘थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) किती किलो मिळतो?’ एवढेच विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारण्याचा प्रश्न असा, की तो प्रोपेलर लावल्यावर पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठते.

माझ्या इंजिनाचा गिअर रेशो २.६८ आहे, म्हणजे इंजिनाच्या २.६८ फेऱ्यांमागे प्रोपेलरचा एक फेरा होतो. इंजिन ७,८०० आरपीएमला फिरत असेल, तर प्रोपेलर मिनिटाला सुमारे २,९१० फेरे घेतो. प्रोपेलर फिरवायला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच आकाराचे पाते १२५ वरून १३० सेंटिमीटर केले आणि फेरे तेवढेच ठेवायचे म्हटले, तर इंजिनाकडून जवळजवळ २२ टक्के जास्त शक्ती लागेल. ती कोठून आणायची? म्हणून मोठ्या व्यासाच्या प्रोपेलरचा पिच (पात्याचा तिरकेपणा) कमी किंवा पाते अरुंद असावेच लागते, आणि केवळ व्यास पाहून केलेली खरेदी येथेच फसते.

याचा पडताळा एका सहकाऱ्याने वापरून पाहायला दिलेल्या जास्त पिचच्या १३० सेंटिमीटर प्रोपेलरने आला. जमिनीवर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा मापक) ७,३०० च्या पुढे सरकेना. टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद एक्झॉस्टच्या रचनेमुळे आरपीएमच्या अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते. त्या पट्ट्याच्या खाली अडकलेले इंजिन पूर्ण शक्ती देत नाही आणि चढताना सिलिंडर हेडचे तापमान नेहमीपेक्षा लवकर वर जाते. उलट पिच फार कमी असेल तर इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळते, आणि ते अधिक धोक्याचे. मी नंतर घेतलेला कार्बन प्रोपेलर ७,७०० च्या आसपास स्थिरावतो आणि त्याबाबत मी पूर्ण समाधानी आहे.

फरक किती पडला, हे मोजूनमापून सांगितले पाहिजे. तेवढ्याच शक्तीत व्यास ४ टक्क्यांनी वाढला, तर जागच्या जागी मिळणारा थ्रस्ट सिद्धान्ताप्रमाणे अडीच टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. सत्तर किलोच्या थ्रस्टवर ही वाढ जेमतेम दोन किलोची आहे. चढण्याच्या वेगात त्यामुळे सेकंदाला पाव मीटरचीही भर पडत नाही. मला खरा लाभ दिसला तो सरळ, संथ उड्डाणात, कारण त्याच उंचीवर टिकून राहण्यासाठी थ्रॉटल कमी लागतो, कानाला आवाज सौम्य वाटतो, आणि पेट्रोल ताशी पावणेचार लिटरवरून साडेतीनच्या घरात आले. तासाभराच्या उड्डाणासाठी एवढ्यावरून पैसे खर्च करावेत असे मी कोणालाही सांगणार नाही. लांब पल्ल्याच्या उड्डाणाला मात्र ती बचत उपयोगी पडते.

आपल्याकडच्या हवेचा विचारही खरेदीच्या वेळी व्हायला हवा. समुद्रसपाटीवर १५ अंशांना हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो धरतात. पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर, एप्रिलमधल्या ३८ अंशांच्या दुपारी, ती १.०६ च्या जवळ येते. इंजिनाची शक्ती आणि प्रोपेलरवरचा भार दोन्ही साधारण एकाच प्रमाणात घटतात, त्यामुळे टॅकोमीटरवर फारसे काही दिसत नाही, परंतु थ्रस्ट घटलेला असतो आणि धाव लांबते. युरोपातील थंड हवेत मोजलेला थ्रस्टचा आकडा वाचून वजनदार पायलटाने येथे निश्चिंत राहू नये.

टिकाऊपणाच्या बाबतीत माझा कल लाकडाकडे झुकला आहे. कापणी झालेल्या ज्वारीच्या रानातून धावताना धसकटे आणि मुरमाचे खडे उडतात, आणि पात्याची पुढची कड त्यांचा मारा झेलते. लाकडी पात्यावर पडलेली खाच इपॉक्सीने भरून, घासून, वर संरक्षक टेप लावून आणि हलक्या बाजूला वार्निशचा हात देऊन तोल साधता येतो. कार्बनच्या पात्यावर वरून केसाएवढी रेघ दिसली तरी आतला थर सुटलेला असू शकतो. नाण्याने हलके ठोकत गेल्यावर एका जागी टणक आवाजाऐवजी बोदा आवाज आला, तेव्हा मी ते पाते दुरुस्त करून घेण्यासाठी पाठवले आणि तोवर उडवले नाही.

लाकडाची स्वतःची शिस्त आहे. पावसाळ्यात ते दमट हवेने फुगते आणि हबचे (प्रोपेलरच्या मधल्या भागाचे) बोल्ट त्यात रुततात. उन्हाळ्यात सुकून आकसते आणि तेच बोल्ट सैल पडतात. म्हणून ऋतू बदलला की टॉर्क रेंचने बोल्ट तपासणे मी कधीही टाळत नाही. पावसाळ्यात प्रोपेलर उतरवून आडवा ठेवतो, कारण उभा ठेवल्यास ओल खालच्या पात्यात उतरून तोल बिघडतो.

ट्राइक (चाकांच्या सांगाड्यावर बसून उडवायचे, पंख असलेले हलके यान) किंवा अल्ट्रालाइट विमानासाठी हे सगळे जसेच्या तसे लागू होत नाही. पॅरामोटर ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास उडते, म्हणून जमिनीवर मोजलेल्या थ्रस्टवरून हवेतला अंदाज बांधता येतो. ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला पिच अधिक लागतो आणि जमिनीवरचे माप दिशाभूल करते. तेथे जमिनीवर पात्यांचा कोन बदलता येणारा तीन पात्यांचा प्रोपेलर मला अधिक योग्य वाटतो, मात्र त्याचे जडत्व गिअरबॉक्सच्या मर्यादेत बसते की नाही, हे इंजिनाच्या पुस्तिकेत आधी पाहावे.

१३० घेण्यापूर्वी केजचे (प्रोपेलरभोवतीच्या संरक्षक कड्याचे) मापही घ्यावे, आणि तेही हार्नेसमध्ये बसून, कोणाला तरी केजची कड आत दाबायला सांगून. माझ्या केजमध्ये १२५ च्या टोकाशी साडेसात सेंटिमीटर जागा होती, ती १३० लावल्यावर पाचवर आली. विंग वर येताना दोऱ्या केजवर दाब देतात तेव्हा ही जागा आणखी कमी होते, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी मी आजही १२५ चा लाकडी प्रोपेलरच लावतो.