इंग्रजी शब्दांचे गट कसे बांधावेत: प्रसंगाने, अर्थाने, धातूने की नुसत्या यादीने?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमात शिकणारं आठवी ते दहावीचं मूल एकाच वेळी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा पेलत असतं. त्यातून इंग्रजीच्या वरच्या पातळीच्या शब्दांसाठी आठवड्याला दोन-अडीच तास निघाले तरी पुष्कळ. म्हणून शब्द किती शिकवायचे यापेक्षा ते कोणत्या सोबतीने मुलासमोर ठेवायचे, हा निर्णय मोठा ठरतो. क्लास चालवणाऱ्या शिक्षकापुढे किंवा घरी शिकवू पाहणाऱ्या पालकापुढे चार वाटा असतात: अर्थाने जवळचे शब्द एकत्र, एका प्रसंगातले शब्द एकत्र, एका धातूपासून, म्हणजे एकाच मूळ घटकापासून, बनलेले शब्द एकत्र, किंवा सरळ यादी.

आमचं मत आधीच सांगतो. आठवी-नववीला प्रसंगगट सगळ्यांत चांगले. मात्र ‘विषयानुसार शब्दसंग्रह’ या नावाखाली जी पुस्तकं आणि तक्ते हातात पडतात, त्यांतले बरेचसे गट प्रसंगाने बांधलेले नसतात. ते असतात पहिल्या प्रकारातले, आणि नव्याने शिकणाऱ्याला तोच प्रकार सर्वांत जड जातो.

एका जातीचे शब्द की एका प्रसंगातले?

आनंदाचे शब्द म्हणून ‘इलेटेड’, ‘ज्युबिलंट’, ‘एक्स्टॅटिक’, ‘ओव्हरजॉइड’ फळ्यावर लिहिले की गट नीटनेटका दिसतो. पण मूल चारही शब्दांपुढे ‘खूप आनंदित’ असंच लिहितं. दोन दिवसांनी विचारलं तर यातला कुठला तरी एक शब्द आहे एवढं त्याला आठवतं, कुठला ते नाही. अर्थ सारखे असले की शब्द एकमेकांची जागा घेऊ पाहतात. टॉम टिंकम या संशोधकांनी 1993 मध्ये आणि रॉब वॉरिंग यांनी 1997 मध्ये बनावट शब्द वापरून हे तपासलं. एका जातीचे शब्द एकत्र दिले तर ते शिकायला, अजिबात संबंध नसलेल्या शब्दांपेक्षाही जास्त वेळ लागला. टिंकम यांनी 1997 मध्ये दुसऱ्या प्रकारचा गटही तपासला: बेडूक, तळं, हिरवा, उडी मारणं, निसरडं, डराव करणं. एकाच चित्रात बसणारे हे शब्द सोपे गेले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत फरक तेवढा ठळक आला असं नाही, पण वर्गात जे दिसतं ते याच दिशेचं आहे.

जोड्यांचं तर विचारूच नका. ‘इमिग्रंट’ आणि ‘एमिग्रंट’, ‘प्रॉसिक्यूट’ आणि ‘पर्सिक्यूट’ एकाच तासाला शिकवले तर त्यांचा गोंधळ पीयूसीपर्यंत (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सोबत राहतो. जोडीतला जास्त वापरातला शब्द आधी घ्यावा. तो मूल वाक्यात न अडखळता वापरू लागलं की मगच दुसरा काढावा. मध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत.

समानार्थी गट टाकाऊ आहे असं मात्र नाही. त्यातले दोन-तीन शब्द मुलाला आधीपासून नीट येत असतील, तर छटा समजवायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. ‘थिन’, ‘स्लिम’, ‘लीन’, ‘स्किनी’ यांतला कोणता शब्द कौतुकाचा आणि कोणता टोचणारा, हे दहावीच्या निबंधाआधी सांगायलाच हवं. तो उजळणीचा प्रकार आहे, पहिल्या ओळखीचा नव्हे.

प्रसंगगट कसा बांधायचा

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांना आलेल्या पुराबद्दल चिकोडी-निपाणीकडे घराघरांत अजून बोललं जातं. त्यावरचा एक गट पाहा. ‘टॉरेन्शल’ पाऊस पडतो, नदी ‘स्वेल’ होते, बांधाला ‘ब्रीच’ पडतं, गाव ‘इनंडेट’ होतं, माणसं ‘स्ट्रँडेड’ होतात, त्यांना ‘इव्हॅक्युएट’ करतात, पाणी ‘सब्साइड’ होतं आणि मागे ‘डेब्री’ उरतो. शब्द आठच, पण त्यात चार क्रियापदं, दोन विशेषणं आणि दोन नामं आहेत, आणि घटनेचा क्रम आठवला की शब्दाचा क्रम आठवतो. ‘सबमर्ज’ यात मुद्दाम घेतलेला नाही. तो ‘इनंडेट’च्या फार जवळचा आहे, दोन्ही एका गटात आले की वर सांगितलेला गोंधळ इथेही सुरू होतो. त्याला पुढच्या महिन्यात आणा.

गट बरोबर आहे का हे पाहायची कसोटी सोपी आहे: सगळे शब्द वापरून एक घटना सांगता येते का? ‘पर्यावरण’ किंवा ‘समाज’ हा प्रसंग नव्हे, तो कपाटाचा खण आहे. त्यात चाळीस शब्द कोंबता येतात आणि एकाचा दुसऱ्याला आधार मिळत नाही. ‘पूर येतो आणि ओसरतो’ हा प्रसंग. ‘कारखान्याने उसाचं बिल थकवलं’ हाही प्रसंग, आणि त्यात ‘यील्ड’, ‘अरिअर्स’, ‘डिस्प्यूट’, ‘निगोशिएट’, ‘इन्स्टॉलमेंट’ आपोआप येतात. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामुळे ‘पिटिशन’, ‘हिअरिंग’, ‘अ‍ॅडजर्न’, ‘पेंडिंग’, ‘ज्युरिस्डिक्शन’, ‘व्हर्डिक्ट’ यांमागच्या गोष्टी मुलांनी मराठीत कितीदा तरी ऐकलेल्या असतात. तिथे नवा असतो तो फक्त शब्द. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवर (ओतशाळेवर) ‘मोल्टन’, ‘मोल्ड’, ‘अलॉय’, ‘डिफेक्ट’, ‘प्रिसाइज’ हा गट बसतो. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यावर ‘हॅबिटाट’, ‘कॅनपी’, ‘नॉक्टर्नल’, ‘एन्क्रोच’, ‘पोच’. अर्थ ओळखीचा असला की मुलाचं सगळं बळ शब्दावर लागतं. विमानतळाच्या चेक-इनवरचा पुस्तकी गट घेतला तर प्रसंगही नवा आणि शब्दही नवा.

विषयवार गटांची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाचे दहा वर्ग आहेत, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग असे. पण तो जाणत्यांनी शब्द शोधण्यासाठी केलेला कोश होता. तशी रचना शोधायला उत्तम, शिकायला नाही, आणि आजच्या विषयवार पुस्तकांचं नेमकं हेच होतं.

आठवडा कसा जातो

पहिल्या दिवशी शिक्षकाने स्वतः लिहिलेला सुमारे 160 शब्दांचा उतारा द्यावा, त्यात आठ नवे शब्द. म्हणजे शंभरातले पाच शब्द नवे आणि पंचाण्णव ओळखीचे. शिक्षक शेजारी असताना एवढं चालतं. मुलाने एकट्याने वाचायचं असेल तर शंभरात दोनच शब्द नवे असावेत, म्हणजे त्याच आठ शब्दांसाठी 400 शब्दांचा मजकूर लागेल. उतारा सोपा ठेवायचा हे सगळ्यांत जास्त विसरलं जातं. वर्तमानपत्रातला लेख जसाच्या तसा दिला तर त्यात नवे शब्द वीस-पंचवीस निघतात आणि गट हरवतो.

दुसऱ्या दिवशी कार्डं. ए-फोर आकाराचा जाड कागद तीनदा दुमडून कापला की आठ कार्डं होतात, म्हणजे एका कागदात एक गट. पुढच्या बाजूला शब्द आणि वाक्य. मागच्या बाजूला मराठी अर्थ, देवनागरीत उच्चार आणि उच्चाराच्या ज्या तुकड्यावर जोर येतो त्याखाली रेघ. मराठी अर्थ लिहिण्यात कमीपणा मानू नये. इंग्रजी व्याख्या वाचून मूल शेवटी मनात मराठीच अर्थ करतं, आणि तो चुकीचा केला तर आपल्याला कळतही नाही. उच्चार लिहायलाच हवा: ‘डेब्री’मधला शेवटचा एस उच्चारत नाहीत, दुष्काळासाठीचा ‘ड्राउट’ मुलं हमखास ‘ड्रॉट’ म्हणतात, आणि ‘सब्साइड’चं स्पेलिंग पाहून कारखान्याच्या पट्ट्यातलं मूल ‘सबसिडी’ वाचतं.

तिसऱ्या दिवशी वाक्यरचना, आणि इथे खरी मेहनत आहे. ‘गाव बुडालं’ असं आपण म्हणतो, म्हणून मूल ‘द व्हिलेज इनंडेटेड’ लिहितं. पण ‘इनंडेट’ला बुडवणारा लागतो, गाव कर्ता असेल तर ‘वॉज इनंडेटेड’च हवं. ‘सब्साइड’चं उलट. पाणी आपलं आपण ओसरतं, तिथे ‘वॉज सब्साइडेड’ चूक. ‘टॉरेन्शल’ पावसासोबत जातो, वाऱ्यासोबत नाही. प्रत्येक शब्दाला त्याचे दोन नेहमीचे सोबती कार्डावर लिहून द्यावेत.

चौथ्या दिवशी मुलाने आठातले पाच शब्द वापरून सहा वाक्यांचा परिच्छेद लिहायचा. आठही वापरायला लावले की वाक्यं ओढूनताणून येतात. पाचव्या दिवशी बारा प्रश्नांची चाचणी: आठ या आठवड्याचे आणि चार मागच्या गटांतले. नंतर तीच कार्डं एका आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पुन्हा काढायची. हे टाळलं तर बाकी सगळी मेहनत वाया जाते, मग गट कितीही सुंदर बांधलेला असो.

प्रसंगगटाचा मोठा दोष म्हणजे शब्द त्या प्रसंगातच अडकून पडतो. ‘ब्रीच’ म्हटलं की मुलाला नदीचा बांधच दिसतो. ‘ब्रीच ऑफ ट्रस्ट’ वाचलं की ते थबकतं. म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या उजळणीला प्रत्येक शब्द दुसऱ्या ठिकाणी दाखवावा: ताप ‘सब्साइड’ होतो, मुरगळलेला घोटा ‘स्वेल’ होतो, शेवटची एसटी चुकली की माणूस स्टँडवर ‘स्ट्रँडेड’ होतो, तक्रारींनी कचेरी ‘इनंडेट’ होते. एवढं केलं तरच शब्द मुलाचा झाला असं म्हणता येतं.

आठवड्याला आठ आणि वर्षाला तीस आठवडे धरले तर 240 शब्द होतात. यादीवाल्या क्लासच्या आकड्यांपुढे हा आकडा लहान दिसेल. पालकांनी विचारलं तर सांगावं की हे वापरता येणारे शब्द आहेत, नुसते पाहिलेले नव्हेत.

धातूचे गट

‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं, त्यावरून ‘इन्स्पेक्ट’, ‘प्रॉस्पेक्ट’, ‘रेट्रोस्पेक्ट’. उपसर्ग शिकलेल्या मराठी मुलाला ही रचना पटकन कळते. धोकाही त्यालाच लवकर समजावता येतो: आहार, विहार, प्रहार, संहार हे एकाच धातूचे शब्द, पण एकावरून दुसऱ्याचा अर्थ काढायला गेलं तर फसगत होते. इंग्रजीतही तसंच. ‘रिस्पेक्ट’चा अर्थ धातूवरून कळत नाही. धातू अर्थ लक्षात ठेवायला मदत करतो, अर्थ शोधून देईलच असं नाही. शिवाय असे शब्द दिसायला सारखे असतात, त्यामुळे एका वेळी चारपेक्षा जास्त घेऊ नयेत.

या पद्धतीचं खरं क्षेत्र विज्ञान आहे. मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेलं मूल पीयूसी सायन्सला गेलं की सगळं एकदम इंग्रजीत येतं. तिथे ‘फोटो’ म्हणजे प्रकाश आणि ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण हे कळलं की प्रकाशसंश्लेषण आणि ‘फोटोसिंथेसिस’ एकच असल्याचं मुलाला दिसतं, आणि त्याला आधी आलेलं विज्ञान हाती राहतं. ‘हायड्रो’, ‘थर्मो’, ‘सायटो’, ‘हेपॅट’, ‘कार्डिओ’, ‘ऑस्टिओ’, ‘-आयटिस’ असे तीस-चाळीस घटक दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत होतात. नववीच्या आधी हा खटाटोप करू नये.

यादी

अकारविल्हे यादी सर्वांत वाईट, कारण शेजारी दिसायला सारखे येतात: ‘अडॅप्ट’, ‘अडेप्ट’, ‘अडॉप्ट’ एका पानावर. पण वापराच्या प्रमाणाने लावलेली यादी वेगळी. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषासंशोधकांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दांच्या यादीत 570 शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं) आहेत, दहा टप्प्यांत, सर्वांत जास्त येणारी आधी. त्यातल्या पहिल्या साठांत ‘डिराइव्ह’, ‘इंडिकेट’, ‘ऑकर’, ‘व्हेरी’ (बदलणं; ‘खूप’ या अर्थाचा नव्हे), ‘कन्सिस्ट’, ‘सिग्निफिकंट’ सापडतात. यांचा कुठलाच प्रसंग बांधता येत नाही, आणि पीयूसीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मूल अडतं ते बहुधा यांच्यावरच. पारिभाषिक शब्दाची व्याख्या तरी दिलेली असते, ‘व्हेरी’ची कोण देतो? पहिले दोन टप्पे, म्हणजे 120 कुटुंबं, पाठ्यपुस्तकातल्याच वाक्यांसह करून घ्यावीत.

कोणासाठी काय

आठवीत असाल आणि हातात तीन वर्षं असतील तर प्रसंगगट घ्या, दहावीच्या पहिल्या सत्रापर्यंत. समानार्थी छटा नववीच्या शेवटी, फक्त आधी शिकलेल्या शब्दांवर. मूल सायन्सला जाणार हे ठरलं असेल तर दहावीच्या परीक्षेनंतर धातू आणि शैक्षणिक यादी. कॉमर्सला जाणार असेल तर धातू सोडून यादी आणि बँक, करार, व्यापार यांवरचे प्रसंगगट.

एसएसएलसीला दोन महिने उरले असतील तर यातलं काहीच नव्याने सुरू करू नका. पाठ्यपुस्तकाच्या धड्यांतलेच शब्द त्यांच्या वाक्यांसह पक्के करा. बँकेच्या किंवा इतर स्पर्धा परीक्षांसाठी मात्र समानार्थी-विरुद्धार्थी याद्या टाळता येत नाहीत, कारण प्रश्नच तसे येतात. तिथे निदान एका दिवसात एका अर्थाचा एकच शब्द घ्यावा आणि त्याचे भाऊबंद वेगवेगळ्या आठवड्यांत विखरून टाकावेत. पन्नास मुलांच्या वर्गात कार्डं सांभाळणं जमत नसेल, तर वहीच्या मागच्या पानांवर उभी घडी घालून डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ लिहावा. घडी दुमडली की अर्थ झाकला जातो आणि बाकावरचा शेजारी परीक्षा घेऊ शकतो.