वीरगळांच्या साइटसाठी होस्टिंग: शेअर्ड, रीसेलर की स्वतःचा व्हीपीएस?

माझी साइट वीरगळांची, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची आहे. जुन्नर, पारनेर, संगमनेर या पट्ट्यात फिरून नोंदवलेले साडेसहाशेच्या वर दगड, प्रत्येकाचे चार-पाच फोटो आणि खाली मराठीत नोंद. २०१४ पासून ती तीन ठिकाणी राहिली. आधी एका मोठ्या कंपनीचं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), मग काही महिने पुण्यातला एक रीसेलर (मोठ्या कंपनीची जागा घेऊन पुढे विकणारा), आणि २०२० पासून मी स्वतः सांभाळतो तो व्हीपीएस, म्हणजे भाड्याने घेतलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर. एखाद्या वाचनालयाची, संस्थेची किंवा गावच्या इतिहासाची साइट काढायची असेल तर बहुधा या तिघांतच निवड करावी लागते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे. डोमेन, डीएनएस, वर्डप्रेस ठाऊक आहे असं धरतो. जागा किती आणि बँडविड्थ किती, याचे तक्ते कंपन्यांच्या पानावर असतात. त्यावरून माझा निर्णय कधी झाला नाही.

शेअर्ड होस्टिंगबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण पाच वर्षं मी तिथे बऱ्यापैकी सुखात होतो. एक क्लिक केलं की वर्डप्रेस बसतं, ईमेल खाती सोबत मिळतात, सर्व्हरचे अपडेट आपल्याला करावे लागत नाहीत. पहिल्या वर्षाचा दर आणि नूतनीकरणाचा दर यात दुप्पट-तिप्पट फरक असतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. बिल येईल तेव्हा वर १८ टक्के जीएसटीही धरा. 'अनलिमिटेड' जागेची मर्यादा मात्र जीबीत दिसत नाही, ती फाइलींच्या संख्येत, म्हणजे आयनोडमध्ये असते. वर्डप्रेस एका फोटोच्या लहानमोठ्या सहा-सात प्रती बनवतं. सहाशे दगड गुणिले चार फोटो गुणिले सात प्रती, असा हिशेब आधीच करून ठेवा. आणि कधी एखादी लिंक व्हॉट्सअॅपवर फिरली, पाच-पन्नास लोक एकदम आले, की ५०८ क्रमांकाचा एरर येतो. आपल्या वाट्याची क्षमता संपली, एवढाच त्याचा अर्थ.

कंपन्यांची तुलना करताना एक गोष्ट लक्षात असू द्या. ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि बिगरॉक ही तीन नावं एकाच घरातली आहेत. बिगरॉक मुंबईच्या डायरेक्टी समूहाचं होतं, २०१४ मध्ये ते ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर ज्यांच्याकडे होती त्या एंड्युरन्स कंपनीकडे गेलं, आणि २०२१ मध्ये एंड्युरन्सचं न्यूफोल्ड डिजिटल झालं. त्यामुळे तीन नावं समोर ठेवून तुम्ही रात्र जागवता, तेव्हा कदाचित एकाच मालकाची तीन दुकानं बघत असता.

आता ज्या गोष्टीने मला हलवलं, तिच्याकडे येतो.

२०१९ च्या पावसाळ्यात एक प्लगइन अद्ययावत केलं आणि साइट पांढरी पडली. पॅनेलमध्ये कंपनीचा रोजचा बॅकअप होता. 'रिस्टोअर' दाबलं, दहा मिनिटांत साइट परत आली. फोटो जागेवर, मांडणी जागेवर, तारखा, आकडे, सगळं जागेवर. फक्त मराठी गेलं होतं. जिथे 'शिवनेरी' होतं तिथे '???????' दिसत होतं. सात प्रश्नचिन्हं: श, इकार, व, न, मात्रा, र, ईकार. साडेसहाशे नोंदी अशाच.

मी सपोर्टच्या चॅटवर गेलो. पहिल्याने कॅश साफ करायला सांगितलं. दुसऱ्याने वेगळा ब्राउझर वापरून बघा म्हटलं. तिसऱ्याने मराठी फॉन्ट बसवा असा सल्ला दिला. प्रत्येक वेळी माणूस नवा, प्रत्येक वेळी मी पहिल्यापासून सांगायचं. सगळे नम्रपणे बोलत होते, पण अक्षरं 'नीट दिसत नाहीत' आणि अक्षरं 'उरलीच नाहीत' यातला फरक तीन दिवसांत कुणापर्यंत पोचवता आला नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं की मागच्या सातही दिवसांचे बॅकअप त्याच पद्धतीने घेतलेले आहेत, आणि करारात लिहिल्याप्रमाणे बॅकअप ही सौजन्याची सेवा आहे, जबाबदारी ग्राहकाची.

नेमकं काय झालं ते मला नंतर समजलं. वर्डप्रेसचा मजकूर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठतो. त्याच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत मूळ अक्षरसंच लॅटिन१ असे, ज्यात देवनागरी नाही. २०१८ मध्ये आलेल्या ८.० पासून तो सगळ्या लिपी सामावणारा यूटीएफ८एमबी४ झाला. बॅकअप घेणारी स्क्रिप्ट डेटाबेसशी लॅटिन१ मध्ये बोलत असेल, तर त्या संचात नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी डेटाबेस प्रश्नचिन्ह ठेवून देतो. इंग्रजी मजकुराच्या साइटला काहीच होत नाही, म्हणून हजारो ग्राहकांत कुणाच्या लक्षातही येत नाही. रिस्टोअरनंतर युरोपीय लिपीतली विचित्र चिन्हं दिसली तर मजकूर बहुधा आत शाबूत असतो, तो सोडवून घेता येतो. प्रश्नचिन्हांमधून मात्र काहीही परत येत नाही.

काही पानं इंटरनेट अर्काइव्हवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर सापडली. बरीचशी वह्यांमधून पुन्हा टाइप केली. पण कितीतरी नोंदी मी घरी आल्यावर थेट साइटवरच लिहिल्या होत्या. पारनेर तालुक्यातल्या एका वीरगळाची अशीच नोंद होती: खालच्या टप्प्यात गायी आणि लढणारा वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि वीराच्या कमरेच्या शस्त्राबद्दल माझी दोन परिच्छेदांची टिपणी. ती लिहायला पुन्हा गेलो तोवर गावकऱ्यांनी भक्तिभावाने दगडाला ऑइल पेंट दिला होता. बारीक कोरीव काम रंगाखाली गेलं. ती टिपणी आता मला कुठूनच लिहिता येणार नाही.

म्हणून होस्टिंग पारखताना मी आता एवढंच विचारतो, की बॅकअप कोण घेतं, कसा घेतं, आणि मला तो माझ्या हाताने उघडून बघता येतो का.

रीसेलरकडे गेलो ते माणसासाठी. फोन केला की तोच उचलायचा, मराठीत बोलायचा, माझी साइट त्याला ठाऊक होती. या सुखाची किंमत कमी नाही. पण त्याचा सर्व्हर एका मोठ्या कंपनीकडूनच भाड्याने घेतलेला होता, आणि बॅकअपची यंत्रणा तिचीच. म्हणजे फोनवर आपुलकी मिळाली तरी दोरी तिसऱ्याच्याच हातात. सीपॅनेलने (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल बनवणारी कंपनी) २०१९ मध्ये परवान्याचा दर खात्यांच्या संख्येवर नेल्यापासून या छोट्या व्यावसायिकांचा खर्चही वाढला, त्यामुळे त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. रीसेलरकडे जायचं असेल तर एकच आग्रह धरा: डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर हवं. ते त्याच्या नावावर राहिलं तर पुढे निघताना फार त्रास होतो.

आणि व्हीपीएस. भारतात सर्व्हर हवा तर डिजिटलओशनचं केंद्र बेंगळुरूत आहे, लिनोडचं (२०२२ पासून अकामाईचं) मुंबईत, अॅमेझॉनचं लाइटसेलही मुंबईत. लाइटसेलच्या मुंबई विभागात डेटाचा वाटा इतर बहुतेक विभागांच्या निम्मा असतो, एवढं बघून घ्या. वेग मी कधी मोजला नाही. ओतूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून मोबाइलवर साइट उघडतो. पूर्वी फोटो वरून खाली हळूहळू उतरायचे, आता बोट उचलेपर्यंत पान समोर असतं. मला एवढं पुरतं.

त्रास आहे, तो लपवत नाही. पहिल्या दोन महिन्यांत साइट तीनदा बंद पडली. १ जीबी रॅमवर वर्डप्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही चालवली की मेमरी संपते आणि यंत्रणा नेमका डेटाबेसच बंद करते. २ जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, केल्यावर ते थांबलं. एकदा जुने बॅकअप पुसायचे राहिले, डिस्क भरली. ईमेल इथे मिळत नाही आणि स्वतः चालवूही नये, कारण ईमेल पाठवायला लागणारं २५ क्रमांकाचं पोर्ट बऱ्याच कंपन्या बंद ठेवतात. ती सेवा वेगळी घ्यावी लागते. साइट https वर चालवायला लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय ना हे अधूनमधून बघावं लागतं. बिलाचंही भान हवं. रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांची दरमहा आपोआप कापली जाणारी बिलं अनेक कार्डांवर अडू लागली. शक्य असेल तिथे खात्यात चार-सहा महिन्यांची रक्कम आधीच भरून ठेवा.

एवढं करूनही मी इथेच आहे. रात्री दोन वाजता माझीच स्क्रिप्ट डेटाबेसचा बॅकअप घेते, अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ असा त्यात मी स्वतः लिहिलेला आहे. एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर जाते, एक घरच्या हार्ड डिस्कवर. दुसरी कंपनी का, तर १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळून गेली आणि काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते.

तुम्हाला कमांड लाइनची भीती वाटत असेल, किंवा साइट सांभाळायला महिन्यातून दोन तासही निघणार नसतील, तर शेअर्ड होस्टिंग घ्यायला माझी हरकत नाही. बहुतेकांचं तिथे नीट चालतं, कदाचित तुमचंही चालेल. फक्त त्यांच्या बॅकअपच्या बटणावर विसंबू नका, आठवड्याला स्वतः एक्स्पोर्ट काढा. पण लिहिलेला मजकूर पुन्हा कुठून मिळणार नसेल, तर थोडं शिकून घेऊन व्हीपीएसकडे यावं असं मला मनापासून वाटतं.

काहीही घ्या, पहिल्या वर्षाचे पैसे भरण्याआधी महिन्याच्या बोलीवर एक खातं घ्या किंवा पैसे परत मिळण्याच्या मुदतीत हे करून बघा. एक पान मराठीत लिहा, त्यात ळ, ज्ञ, 'सुऱ्या', 'दऱ्या' असे शब्द असू द्या. दोन दिवस थांबा. मग कंपनीने घेतलेला बॅकअप उतरवून घ्या, घरच्या संगणकावर नव्या डेटाबेसमध्ये भरा, आणि ते पान सावकाश वाचून बघा.